गाव नावाचा विमा

१९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी एक नवी पद्धत घालून दिली. महिन्याच्या एक तारखेला निवडक माणसांना बदलीचे कार्ड मिळायचे. कार्डवाल्याने रोज सकाळी पाळीच्या आधी फाटकावर हजर राहायचे. कायम कामगारांपैकी कोणी आजारी पडला, कोणी गावी गेला, कोणी नुसताच आला नाही, तर त्याच्या साच्यावर तेवढ्या दिवसापुरते उभे राहायचे. जागा भरल्या की उरलेल्यांनी परत फिरायचे आणि दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आत पुन्हा त्याच फाटकावर यायचे. यापूर्वी ही माणसे जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीने आणि त्याला दस्तुरी देऊन आत शिरत, तेव्हा कार्डाने त्या मर्जीला थोडा लगाम बसला हे खरे. मात्र काम न लागलेल्या दिवशी हा माणूस जेवणार कुठे, याची नोंद गिरणीच्या कोणत्याच वहीत नव्हती. ती सोय गिरणीबाहेर झालेली होती. चार दिवस खाणावळीत उधारी चाले, गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत पथारीपुरती जागा असे, आणि महिना-दोन महिने हात रिकामे राहिले तर कोकणातल्याने बोट पकडायची, घाटावरच्याने गाडी. गावात दोन वेळची भाकरी निघत होती.

मुंबईच्या कापडधंद्याचा इतिहास कापूस, भांडवल, यंत्रे, संप आणि शेवटी जमिनी अशा अंगांनी पुष्कळ लिहिला गेला आहे. त्या सगळ्याच्या तळाशी असलेली ही भाकरी मात्र बहुधा भावनेच्या खात्यावर टाकली जाते: चाकरमान्याची गावओढ, गणपतीला कोकणात जाणे, म्हातारपणी परतणे. ती जमाखर्चाच्या खात्यावर मांडली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. उद्योगात चढउतार असतात, पैशाच्या बाजारात मधूनमधून कोसळ होते, आणि दर वेळी कोणाला तरी नुकसान सोसावे लागते. आशियातल्या बऱ्याच औद्योगिक शहरांनी हे सोसण्याचे काम गावावर सोपवले. गाव हा त्यांचा विमा होता आणि त्याचा हप्ता शहराने भरला नाही. म्हणून उत्पन्नातली विषमता मोजताना चालू दिवसांच्या मजुरीचे दर पाहून भागत नाही. बुडीत दिवसांचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, हेही पाहावे लागते.

पैशाच्या बाजारातली पहिली मोठी कोसळ मुंबईने पाहिली ती १८६५ साली. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि पश्चिम भारतातल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. त्या पैशावर मुंबईत बँका, फायनान्स कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. शेअर तारण ठेवून बँक ऑफ बॉम्बे कर्जे देत सुटली, आणि ती कोणाला द्यायची यात शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दाला वजन होते. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध आटोपले, कापूस उतरला, आणि वायदे पुरे करण्याचा १ जुलैचा दिवस उजाडला तेव्हा प्रत्येकाचे येणे दुसऱ्याच्या देण्यावर टांगलेले होते. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर पुढे ८७ रुपयांना विकला गेला. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळली गेली आणि त्याच नावाची नवी उभी राहिली. ही कहाणी एका रात्रीत धुळीला मिळालेल्या शेठियांची म्हणून सांगितली जाते, आणि पुष्कळ घरे खरोखरच बुडाली. पण बुडणाऱ्याला जिथे पाय टेकता येईल असा तळ कायद्याने बांधला होता. मर्यादित जबाबदारीची कंपनी काढण्याची मुभा १८५७ च्या कायद्याने मिळालेली होती, आणि दिवाळखोराला देण्यातून मोकळे होण्याची वाट होती. स्वतः प्रेमचंद यांनी पुन्हा व्यापारात जम बसवला. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या आईचे नाव मिळालेला राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला.

कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन होऊन १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली होती, पण गिरण्यांची खरी रांग लागली ती कोसळीनंतरच्या दशकांत. या गिरण्यांची रचना जोखमीच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. भागधारकाचे नुकसान फार तर त्याच्या शेअरएवढे. गिरणी चालवणारा मॅनेजिंग एजंट आपले कमिशन बराच काळ सुताच्या वजनावर घेई, म्हणजे जेवढे रतल सूत निघेल तेवढे कमिशन, मग गिरणीला नफा होवो की तोटा. धंदा मात्र डळमळता. सुताचे मोठे गिऱ्हाईक चीन. तिथली मागणी, चांदीचा भाव, कापसाचे पीक, जपानची स्पर्धा, यांपैकी काहीही मुंबईच्या हातात नव्हते. भाव पडला की गिरणीने माल साठवायचा, पाळ्या कमी करायच्या, साचे थांबवायचे. भाव चढला की दिव्याच्या उजेडात काम चालवायचे. भागधारकाची जोखीम बांधलेली, एजंटाची मिळकत बांधलेली. सुटा राहिला तो कामगाराचा रोज. बदलीची प्रथा जॉबरच्या लहरीतून जन्मली असे वरवर दिसते, पण तिचे मूळ या रचनेत आहे. कमीजास्त करता येईल असा खर्च गिरणीला हवा होता, आणि तसा खर्च एकच होता.

हा खर्च वाटेल तेव्हा कमी करता येण्यासाठी एक अट होती: काढलेला माणूस शहरात उपाशी मरता कामा नये आणि गरज पडली की परत आला पाहिजे. ही अट रत्नागिरी जिल्ह्याने पुरी केली, आणि पुढे सातारा, पुणे, अहमदनगर या भागांनीही. खोतीच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या, अमलाखालची, डोंगरउताराची, तुकड्या-तुकड्यांची शेती वर्षभर पुरत नव्हती. पण चार-सहा महिन्यांचे भात, नाचणी देत होती. म्हणून घरचा एक पुरुष मुंबईला आणि बाकीचे घर गावाला, अशी विभागणी पडली. टपाल खात्याने १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू केली आणि या विभागणीला पक्का रस्ता मिळाला. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईच्या दर सहा माणसांत जेमतेम एक मुंबईत जन्मलेला होता, आणि बाहेरून आलेल्यांत सर्वांत मोठा गट रत्नागिरीकरांचा होता. आता गिरणीची मजुरी पाहा. ती एका पुरुषाला खोलीतल्या पथारीवर आणि खाणावळीच्या ताटावर जगवण्यापुरती होती. त्याची मुले वाढवणे, म्हातारे सांभाळणे, बाळंतपणे, दुखणी, आणि शेवटी त्याचे स्वतःचे म्हातारपण, हे सारे गावात, बायकांच्या कष्टावर पार पडे. मनीऑर्डर गावाला पोसते असे आपण म्हणत आलो. उलट दिशेने जाणाऱ्या या मदतीला पावती नव्हती, म्हणून ती दिसली नाही. शिवाय मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर देण्याची चाल होती. म्हणजे कामगार गिरणीला सहा आठवडे बिनव्याजी उधार देत होता आणि स्वतः खाणावळवालीकडून, वाण्याकडून, पठाणाकडून उधार घेत होता. वेतन वेळेवर देण्याचा कायदा व्हायला १९३६ साल उजाडावे लागले.

हा विमा सर्वांना सारखा नव्हता. ज्याच्या नावावर किंवा कुळकायद्याने हाताशी शेत होते, त्याला तो पुरा. ज्याच्याकडे गावात फक्त राबण्याचा हक्क होता, त्याला अर्धामुर्धा. दलित कामगाराची कोंडी तर दोन्हीकडून होती. साचा खात्यात मजुरी चांगली असे, पण तिथे त्याला घेत नसत. सांगितले जाणारे कारण असे: धोट्यातली कांडी बदलली की विणकराला धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढून घ्यावा लागे, आणि तो उष्टा धोटा सवर्ण कामगारांना चालत नसे. म्हणून दलितांच्या वाट्याला कमी मजुरीचे सूतकताईचे खाते. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता, आणि १९३७ मध्ये त्यांनीच खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात आणले. ही दोन कामे एकाच प्रश्नाच्या दोन बाजू होत्या. शहरातली चांगली जागा बंद आणि गावातली जमीन दुसऱ्याची, अशा माणसासाठी परतण्याला अर्थच नव्हता. आजही विषमतेचा हिशेब जातीचे नाव न घेता मांडला जातो, तेव्हा ही गोष्ट सुटून जाते: दोन माणसांचा पगार सारखा असला तरी त्यांच्या पाठीशी असलेले गाव सारखे नसते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो जुना आहे. गिरणीमालक म्हणत, की कामगार मुळात शेतकरीच आहे. त्याचे मन गावात, तो लावणीला पळतो, सणाला पळतो, त्याला कायम करून उपयोग काय? म्हणजे गावाशी नाते ही कामगाराची निवड, मालकाची योजना नव्हे. यात तथ्याचा एक अंश आहे: हे नाते मालकांनी निर्माण केले नाही, ते आधीपासून होते. पण निवड म्हणायची तर दुसरा पर्याय असावा लागतो. १९२९ ते ३१ या काळात भारतभर हिंडलेल्या कामगारांविषयीच्या व्हिटली आयोगाला असे आढळले, की गावात पोटभर अन्न आणि अंगभर वस्त्र मिळत असते तर फार थोडे कामगार कारखान्यात राहिले असते. त्यांना शहराने ओढले नव्हते, गावाने ढकलले होते. गंमत अशी, की त्याच आयोगाने गावाशी असलेले नाते ही एक जमेची बाजू मानली आणि ते तोडू नये, नीट लावून द्यावे, असा सल्ला दिला. सल्ला माणुसकीचा वाटतो, आणि काही अंशी आहेही. परंतु म्हातारपणाचे, आजाराचे, बेकारीचे ओझे गाव उचलते आहे तर उचलू द्यावे, हा त्याचा व्यवहारी अर्थ होता. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावाचा अभ्यास करून दाखवले, की गावाशी नाते टिकवणे हा शहरात तग धरण्याचा कामगारांचा डाव होता. ज्या शहरात कामाची शाश्वती नाही तिथे शहाणा माणूस परतीची वाट मोडत नाही. मालक ज्याला स्वभाव म्हणत होते, तो त्यांनीच घातलेल्या अटींना दिलेला जबाब होता.

विम्याला दुसरी धारही असते, हे मुंबईला दोनदा चांगलेच कळले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला आणि काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. तेव्हा महिनोन्‌महिने पगार अडकवणाऱ्या गिरण्या रोजच्या रोज रोख मजुरी मोजू लागल्या आणि कामगार मिळवण्यासाठी रस्त्याच्या कोपऱ्यावर एकमेकींवर चढ्या बोली लावू लागल्या. गावाकडे जाण्याचे दार कामगाराच्या हातात आले की मजुरीचे गणित कसे फिरते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधायला नको. पुढे १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगारांनी संप चालवला. मधले महिने पेरणी-लावणीचे होते. कित्येक जण गावी जाऊन राहिले आणि संपनिधीवरचा भार तेवढा हलका झाला. जे गाव मालकाला मंदीत उपयोगी पडत होते, तेच कामगाराला संपात उपयोगी पडले. मात्र दोहोंत एक फरक होता. मंदीत गावावर टाकलेला खर्च मालकाला परत करावा लागत नसे. संपात गावाने केलेला खर्च कामगाराच्या घरावर कर्ज म्हणून उरे.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले, आणि त्यांनी बरेच काही दिले. १९४८ चा राज्य विमा कायदा आजार, अपघात, बाळंतपण यांसाठी आला. १९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन काम नसल्यामुळे घरी बसवलेल्या कामगाराला निम्मे वेतन देणे मालकावर बंधनकारक झाले. ही तरतूद वाचताना कंसातल्या शब्दांवर थांबावे लागते: हा हक्क बदली कामगार आणि नैमित्तिक कामगार सोडून इतरांना आहे. मंदीत ज्याला सर्वांत आधी घरी बसावे लागे, नेमका तोच वगळला गेला. कायम कामगाराभोवती कायद्याची भिंत उभी राहिली आणि तिची एक बाजू बदलीच्या अंगावर उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही यादीत होती, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. तोवर या माणसांनी फाटकावर वर्षेच्या वर्षे काढली होती.

त्या संपाने गिरण्या मारल्या, असे सरसकट म्हटले जाते. संपाने त्यांचा शेवट जवळ आणला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कापड तेव्हाच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर सरकू लागले होते, आणि तिथे तर कायम कामगार हा प्रकारच जवळजवळ नव्हता. मुंबईत बदली हा कामगारांतला एक वर्ग होता. यंत्रमागावर सगळेच बदली. संप सुरू झाल्यावर हजारो कामगार जुन्या रिवाजाप्रमाणे गावी गेले, कारण पूर्वी संप मिटला की बोलावणे येत असे. या वेळी संप अधिकृतपणे मागेच घेतला गेला नाही आणि लाखाहून अधिक लोकांना बोलावणे आले नाही. भांडवलाला मात्र पाय टेकायला या वेळीही तळ सापडला: जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचे ठरले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या बदलाने वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. त्याआधी २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी विकून सुमारे दोन हजार कोटी रुपये मिळवले होते. १८६५ आणि १९८२ यांच्यात हे साम्य आहे. कोसळीनंतर पैशाला दुसरे रूप घेता येते, शेअरची गिरणी होते, गिरणीची जमीन होते. साच्यावर तीस वर्षे घालवलेल्या माणसाचे कसब कशातच बदलून घेता येत नाही. आणि तोवर गावही पूर्वीचे राहिले नव्हते. दोन पिढ्यांच्या वाटण्यांनी शेताचे गुंठे झाले होते.

ही मुंबईचीच खासियत असती तर ती स्थानिक इतिहासात जमा करून पुढे जाता आले असते. १९९७ च्या आशियाई संकटाने या विचाराला कसोटी लावून दिली, कारण तेव्हा एकाच वेळी अनेक देश कोसळले आणि त्यांच्याजवळचे गाव वेगवेगळ्या आकाराचे होते. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपले चलन मोकळे सोडले. डॉलरला २५ असलेले बात सहा-सात महिन्यांत ५० च्या पुढे गेले, आणि डिसेंबरात ५६ वित्त कंपन्यांना कायमचे टाळे लागले. बँकॉकच्या अर्धवट इमारतींवरचे मजूर ईशान्येकडच्या इसान प्रदेशातल्या भातशेतीकडे परतले. राजा भूमिबल यांनी त्याच डिसेंबरात पुरेशा मिळकतीत समाधानाने जगण्याची शिकवण दिली. शहरातून परतलेल्यांना गावाने सामावून घ्यावे, हाच तिचा व्यवहारातला अर्थ होता. इंडोनेशियाची अर्थव्यवस्था १९९८ मध्ये १३ टक्क्यांच्या आसपास आक्रसली, सुहार्तोंची ३२ वर्षांची सत्ता गेली, आणि तरीही नोंदलेली बेकारी जेमतेम टक्काभर वाढली. हे कोडे नाही. माणसे शेतात आणि फुटकळ धंद्यांत परतली, शेतीतल्या कामकऱ्यांची संख्या वाढली, आणि संकट बेकारीच्या आकड्यात दिसण्याऐवजी खऱ्या मजुरीच्या घसरणीत दिसले. दक्षिण कोरियात चित्र उलटे होते. तिथे तीन दशकांत गावे रिकामी झाली होती, दहातला एखादाच कामकरी शेतीत उरला होता. परतायला जागा नव्हती. बेकारी तीन टक्क्यांच्या आतून वर्षभरात सातच्या आसपास गेली. मग सरकारला हात घालावाच लागला. १९९५ मध्ये मोठ्या आस्थापनांपासून सुरू झालेला बेकारी विमा १९९८ च्या ऑक्टोबरपर्यंत लहानातल्या लहान आस्थापनेलाही लागू झाला, आणि १९९९ मध्ये किमान उदरनिर्वाहाचा हक्क देणारा कायदा झाला. जिथे गाव होते तिथे सरकार उपदेश करू शकले. जिथे नव्हते तिथे त्याला तिजोरी उघडावी लागली. कोरियाचे गुणगान करण्याचे मात्र कारण नाही. त्याच १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या छायेत कामगार कपातीला आणि पुरवठादारामार्फत माणसे घेण्याला कायद्याने वाट करून दिली, आणि अनियमित कामगारांचा एक मोठा थर तयार झाला. गाव संपले तर करारपत्रातून बदली पुन्हा निर्माण करता येतो, हे कोरियाने दाखवले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हीच शहरे, हेच कारखाने नसते तर कोकण किंवा इसान आजच्याहून गरीब असते. आशियातले दारिद्र्य उद्योगांमुळेच हटले. थायलंडमधली विषमता तर नव्वदीच्या सुरुवातीच्या शिखरावरून पुढे खाली आली. मग गाव नाडले गेले असे कसे म्हणावे? यातली पहिली दोन विधाने मला मान्य आहेत. उद्योगाने मिळकत वाढवली. इथला मुद्दा मिळकतीचा नसून जोखमीच्या वाटणीचा आहे, आणि एखादा माणूस पूर्वीपेक्षा सुखी असूनही न्याय्य वाट्याला मुकलेला असू शकतो. थायलंडच्या घसरत्या विषमतेबद्दल मात्र कालक्रम पाहावा. संकटानंतरच्या पहिल्या मोठ्या निवडणुकीत, २००१ मध्ये, ग्रामीण मतांनी थाकसिन शिनावात्रांना सत्तेवर आणले, आणि त्यांनी प्रत्येक गावाला दहा लाख बातचा फिरता निधी आणि तीस बातमध्ये उपचाराची योजना दिली. शेतमालाच्या चढ्या भावांचाही पुढच्या वर्षांत हात होताच. पण ज्या गावांनी बँकॉकचे संकट पोटात घेतले होते, त्यांनी मतपेटीतून हप्त्याची वसुली केली, हे त्या राजकारणाचे एक सरळ वाचन आहे. थाकसिन यांच्या कारभारातले दोष त्यामुळे झाकले जात नाहीत. त्यांना मिळालेल्या मतांमागचा हिशेब मात्र त्यामुळे समजतो.

राहिला शेवटचा आक्षेप: गरीब देशाला हा हप्ता परवडत नाही, म्हणून गावावर विसंबणे भाग आहे. याचे उत्तर शोधायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या पाठपुराव्याने, या राज्यात मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तेव्हा महाराष्ट्र आजच्या मानाने गरीबच होता. या योजनेचे वेगळेपण तिच्या पैशात आहे. तो उभा करण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला, म्हणजे शहरातल्या पगारदार आणि व्यावसायिकाच्या मिळकतीतून गावातल्या कामासाठी कपात. शहराने गावाच्या विम्याचा हप्ता भरावा, ही गोष्ट कायद्याने मान्य झाली. हीच कल्पना पुढे २००५ मध्ये देशभर गेली, आणि २०२० च्या टाळेबंदीत शहरांनी आपली माणसे पुन्हा एकदा रस्त्यावर सोडली तेव्हा तिचाच आधार उरला. शेतीतल्या कामकऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते, ते पुढच्याच वर्षी ४५.६ टक्क्यांवर गेले. पुढे सरकणाऱ्या अर्थव्यवस्थेत हा आकडा उलटा फिरणे म्हणजे १९३५ च्या त्या फाटकावरून माणसे परत फिरणेच आहे, फक्त या वेळी ती देशाच्या पाहणीत नोंदली गेली.

लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या जमिनीवर आता काचेच्या कचेऱ्या आहेत. तिथल्या पगारपत्रकात कपातीच्या रकान्यात व्यवसाय कराची ओळ असते: दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. त्यापुढे जाता येत नाही, कारण राज्यघटनेने या कराला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे आणि ती १९८८ मध्ये शेवटची बदलली गेली. तेव्हापासून त्या जमिनीचा भाव किती पटींनी चढला ते सर्वांना ठाऊक आहे. कचेरीच्या दारावर उभा असलेला रक्षक ठेकेदाराचा माणूस असतो, आणि ठेका संपला की तो गावी जातो. हप्ता अजून अडीच हजारच आहे.